टाचणी-दोरा

गृहविज्ञानाला प्रवेश घेतला तेव्हा
दिगंबर म्हणाला, "म्हणजे पोळ्या लाटायची डिग्री?"

पहिल्या वर्षी आम्ही पोळी लाटली नाही.
जाळली.
भट्टीत ठेवून, पार राख होईपर्यंत,
मग ती राख तोलली, दशांश चिन्हापुढे चार घरं.
एवढी हलकी, की तोलताना
श्वास रोखून धरायचा.

दुसऱ्या वर्षी गायधनी मॅडमनी टाचण्या वाटल्या.
स्वयंपाकघराचा नकाशा काढा म्हणाल्या, प्रमाणात,
थर्माकोलवर.
ओटा, मांडणी, पाण्याचं पिंप,
जिथे जिथे हात जातो तिथे एक टाचणी.
रांधणारीच्या मागोमाग दोरा फिरवा.
शेवटी दोरा मोजा.

प्रणिताचं घर निफाडला, द्राक्षबागेत.
तिला थर्माकोलचे दोन ताव जोडावे लागले.
आमचं श्रमिकनगर, दहा बाय बारा,
त्यात कपाटामागे झोपायची जागा.
मला वाटलं, एवढ्याशा खोलीत
बाई चालून चालून किती चालणार?

जानेवारी. पहाटेचे पावणेचार.
पत्रा आतून दवाने ठिबकत होता.
सात वाजताच्या पाळीचे अकरा डबे.
मी कोपऱ्यात, मांडीवर आमचंच घर घेऊन.
आई म्हणाली, "बघत बसू नको गं,
मीठ चुकतं."

पिठाचा डबा दाराशी.
का दाराशी, तर टेम्पोतून उतरवला तेव्हा
तिथेच टेकवला होता.
त्याला आता सोळा वर्षं झाली.

ओटा, डबा, ओटा, पिंप, ओटा, डबा.
नवव्या डब्याला लाल रीळ संपलं,
पांढरं जोडलं.
ओटा आणि डबा यांच्यामध्ये
दोऱ्याची अशी जाड वेणी झाली
की दाराकडची टाचणी वाकली.

सव्वा किलोमीटर.
दोनदा मोजलं. सव्वा किलोमीटर.
एवढ्यात बाई त्र्यंबक रोडला लागली असती.

पुस्तकात याला कार्य सरलीकरण म्हणतात.
मी डबा उचलला, ओट्याखाली सरकवला.
तीन दिवस आई दाराकडे जायची,
अर्ध्यात थांबायची,
"शिकलेल्या लेकीचं घर," म्हणत परत फिरायची.
चौथ्या दिवसापासून पाय विसरले.
लाल रीळ उरलं.

निष्कर्षात मी लिहिलं:
रोजची पस्तीस मिनिटं वाचली.
खाली पट्टी लावून रेघ ओढली.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या मॅडम जळगावहून आल्या होत्या.
चष्मा कपाळावर, वही पालथी ठेवून म्हणाल्या,
"वाचली, बरं. मग ठेवली कुठे?"
मागे कुणीतरी हसलं.
मी म्हणाले, "चौदा."
"चौदा काय?"
"डबे, मॅडम. आधी अकरा होते.
अंबडच्या कंपनीतले तिघे नवीन लागले."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला,
वही परत उघडली,
माझ्या रेघेखाली पेन्सिलीने काहीतरी लिहिलं.
मार्क चांगले पडले.
काय लिहिलं ते कळलं नाही,
वह्या कॉलेज ठेवून घेतं.

थर्माकोल मात्र घरी आणला.
आईने टाचण्या उपटल्या, गाठी सोडवल्या,
सगळा दोरा पुठ्ठ्यावर गुंडाळला.
वाया कशाला घालवायचा?

दिगंबरच्या निळ्या शर्टाला आता लाल दोऱ्याची बटणं आहेत.
तो कुरकुरतो, मित्र हसतात म्हणे.
एका बटणाला वीतभर-दोन वीत दोरा,
म्हणजे आठ-दहा पावलं.
हिशेब मी केलाय.
त्याला सांगितलेला नाही.